ज्याने उघडला त्यानेच मिटावा

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी, शाळेच्या बसखालच्या खड्ड्यात उतरून ऑइल बदलत असताना होबार्ट सायझमोरला लकव्याचा झटका आला. वय एकोणसाठ, त्यातली एकतीस वर्षं अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या त्याच बस-गॅरेजात गेलेली. वाचा शाबूत राहिली, पाय महिन्याभरात चालू लागला, पण डावा हात कोपराखाली गेला तो गेलाच. डॉक्टर सुई टोचायचे आणि विचारायचे, "काही कळतंय?" होबार्ट म्हणायचा, "नाही."

हाताचं एक वेळ समजण्यासारखं होतं. पण आतलंही काहीतरी त्याच दिवशी बंद पडलं होतं. त्याची बायको नडीन उशाशी बसून रडली, तेव्हा तो तिच्याकडे नुसता बघत राहिला. नोकरी संपल्याचे कागद आले, त्याने सही केली. नोव्हेंबरात त्याचा तेरा वर्षांचा कुत्रा मेला. शेजाऱ्याने तो मागच्या टेकडीवर पुरला. होबार्टने खिडकीतून ते पाहिलं आणि ताटातला मक्याचा पाव संपवला.

"तुला काहीच कसं वाटत नाही रे?" नडीनने विचारलं.

"वाटायला हवं हे कळतंय," तो म्हणाला.

डिसेंबरात नडीननेच त्याला शनिवारच्या बैठकीला धाडायचं ठरवलं. गावच्या हार्डवेअर दुकानात, मागच्या बाजूला शेगडीभोवती दर शनिवारी सकाळी चार-पाच जण जमत. आल्याआल्या एकच सवाल, "आज खिशात काय?" मग ज्याने त्याने आपला त्या दिवशीचा खिशातला चाकू काढून टेबलावर ठेवायचा. कुणाची मूठ हाडाची, कुणाची सांबरशिंगाची, कुणाचं पातं सफरचंदं कापून कापून निळंकरडं पडलेलं. मिटताना कुणाचा चाकू किती खणखणीत वाजतो यावर तासभर वाद चाले. होबार्ट वीस वर्षं त्या टेबलाशी बसत आला होता. एक्याऐंशी वर्षांचा आर्विल नेपियर हा तिथला कारभारी, आणि कायदा त्याचाच. एका हाताने पात्याच्या खाचेत अंगठ्याचं नख घालायचं, दुसऱ्या हाताने मूठ धरायची, आणि उघडायचा. असा उघडतो तो चाकू. बाकी सगळी खेळणी.

आता एका हाताचा माणूस असा चाकू उघडणार कसा? म्हणून नडीनने त्याला एक नवा चाकू आणून दिला. काळा, प्लॅस्टिकच्या मुठीचा. अंगठ्याने खुंटी रेटली की पातं सटकन बाहेर. होबार्टने तो उजव्या खिशात टाकला. जुना, तीन पात्यांचा, सवयीने आधीच तिथे होता.

नडीनने त्याला दुकानापाशी सोडलं. सगळे उठले, पाठीवर थापा पडल्या, कुणी खुर्ची पुढे केली. पलीकडच्या बाजूला डेल्मस कोम्ब्स बसला होता. गॅरेजात सतरा वर्षं होबार्टच्या जोडीला काम करणारा हा माणूस. तीन महिन्यांत तो एकदाही दवाखान्यात फिरकला नव्हता, घरीही नाही. त्याने मान हलवली आणि नजर शेगडीकडे वळवली.

"मग, आज खिशात काय?" आर्विलने विचारलं.

होबार्टने काळा चाकू टेबलावर ठेवला.

"हे काय आणलंस? टीव्हीचा रिमोट?" आर्विल म्हणाला. दोघे फिसकन हसले. मग आर्विलची नजर होबार्टच्या मांडीवर पडलेल्या डाव्या हातावर गेली. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "माझ्या जिभेला हाड नाही बघ, बाबा."

"रिमोटसारखाच दिसतो तो," होबार्ट म्हणाला. त्याला खरोखरच काही लागलं नव्हतं.

"जुना कुठाय?" डेल्मसने विचारलं. आल्यापासूनचे त्याचे हे पहिले शब्द.

होबार्टने जुना चाकू काढून दिला. डेल्मस खुर्ची ओढून त्याच्या शेजारी आला, नख घालून त्याने मोठं पातं उघडलं आणि चाकू होबार्टच्या हाताशी ठेवला. टेबलावर चीजचा मोठा तुकडा होता. होबार्टने वरून दाब देऊन पातळ काप काढला. तेवढं एका हाताने जमत होतं.

थोड्या वेळाने डेल्मसचा फोन वाजला. त्याच्या मेव्हण्याची गाडी कुठेतरी नाल्यात अडकली होती. डेल्मस टोपी घेऊन उठला.

"निघालास कुठे?" आर्विल म्हणाला. "त्याचा चाकू तू उघडलायस."

"मग?"

"ज्याने उघडला त्यानेच मिटायचा. दुसऱ्याने मिटला की दोस्ती तुटते. माझ्या आज्यापासून चालत आलंय हे."

"आर्विलकाका, तिकडे गाडी नाल्यात आहे हो."

"नाल्यातली गाडी कुठे पळून जात नाही. बस खाली."

डेल्मस बसला. होबार्टचं कापणं चालूच होतं. त्याला कुणाला मुद्दाम अडवायचं नव्हतं, पण एका हाताचं काम सावकाशच होणार. एकेक करून बाकीचे पुढे गल्ल्यापाशी गेले, आर्विलही कॉफी आणायला उठला. शेगडीशी दोघेच उरले.

"मी दवाखान्यात आलो नाही," डेल्मस म्हणाला.

"हो."

"त्या दिवशी मी मागच्या दाराशी सिगरेट ओढत होतो. तू हाक मारलीस. मला ऐकू आली होती, होबार्ट." तो टेबलाकडे बघून बोलत होता. "मला वाटलं, पाना मागतोयस. म्हटलं, थांबेल दोन मिनिटं. मग तू परत हाक मारलीस. आवाज विचित्र होता. तरी मी ती सिगरेट संपवली."

होबार्टचा हात थांबला. मिनिटा-मिनिटाने फरक पडतो, असं डॉक्टरांनी नडीनला सांगितलेलं त्याने ऐकलं होतं. आता राग येईल म्हणून तो वाट बघत राहिला. सुई टोचल्यावर बघायचा तसाच. काहीच आलं नाही. त्याने आणखी एक काप काढला आणि डेल्मसच्या पुढे सरकवला.

"खा," तो म्हणाला. "आणि मिट आता. तुझा मेव्हणा वाट बघत असेल."

डेल्मसने चाकू मिटला. कापाला हात न लावता तो निघून गेला.

घरी जाताना होबार्टने गाडीत हे सगळं नडीनला सांगितलं, हवापाण्याच्या गप्पा सांगाव्यात तसं. नडीनने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"आणि तू त्याला चीज दिलंस?"

"त्याला द्यायला दुसरं काही नव्हतं माझ्याकडे."

"मेल्याने सिगरेट संपवली! तू तिथे तडफडत होतास आणि त्याने—" ती स्टिअरिंगवर दोन्ही मुठी आपटत राहिली. होबार्टने तिच्या खांद्यावर हात ठेवला. ठेवायला हवा हे त्याला कळत होतं.

पुढे जानेवारीभर हेच चाललं. शनिवारी डेल्मस यायचा, चाकू उघडायचा, होबार्टचं होईपर्यंत बसायचा, मिटायचा आणि जायचा. बोलणं जवळपास नाहीच. नडीन बाहेर गाडीत बसून राहायची, दुकानात पाऊल टाकायची नाही.

फेब्रुवारीत एका गुरुवारी सकाळी होबार्ट शर्ट घालत होता. डाव्या बाहीचं बटण उजव्या हाताने लावून झालं. उजव्या बाहीचं बटण लावायला मात्र हातच नव्हता. रोज ते नडीन लावायची. त्या दिवशी ती कोंबड्यांना दाणे टाकायला गेली होती. त्याने दातांनी प्रयत्न केला. बटण निसटलं. पुन्हा केला, पुन्हा निसटलं. चौथ्या वेळेला त्याच्या पोटातून काहीतरी वर आलं. त्याला वाटलं, पुन्हा झटका येतोय. मग कळलं, हा राग आहे.

"नडीन!" तो ओरडला. "गाडी काढ. डेल्मसकडे."

डेल्मस अंगणात लाकडं फोडत होता. गाडी बघून त्याने कुऱ्हाड खाली ठेवली, टोपी काढली. होबार्ट त्याच्यासमोर उभा राहून ओरडला, सुटी बाही हलत होती. "दोनदा हाक मारली मी! दोनदा! सतरा वर्षांत मी कधी तुला दोनदा हाक मारली होती का रे?" यापुढे तो जे बोलला त्यात शिव्याच जास्त होत्या. गाडीतून नडीन बघत होती. डेल्मस टोपी हातात धरून ऐकत राहिला. शेवटी होबार्टला धाप लागली.

"बाहीचं बटण लावू का?" डेल्मसने विचारलं.

"हात लावू नकोस," होबार्ट म्हणाला आणि गाडीत येऊन बसला. घरी पोचेपर्यंत राग विझला होता, आणि त्याच्या जागी पुन्हा तीच जुनी शांतता येऊन बसली होती.

शनिवारी तो दुकानात गेला. डेल्मस आधीच आला होता. चाकूसाठी त्याने हात थोडा पुढे केला. होबार्टने चाकू त्याच्यापुढून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवला.

"आर्विलकाका, तुम्ही उघडा."

आर्विलने एकदा डेल्मसकडे पाहिलं आणि चाकू उचलला. म्हाताऱ्याचं नख जाडजूड, खाचेतून सारखं घसरत होतं. तिसऱ्या खेपेला पातं उघडलं. होबार्ट चीज कापू लागला. त्या दिवशी डेल्मसने मिटायचं असं काही नव्हतं, त्याला कुणी थांबवलंही नव्हतं. तरी शेगडी विझेपर्यंत तो तिथेच, आपल्या खुर्चीत बसून होता.