मागच्या खणातली मऊ चरबी

"ही काय चरबी हाय? उन्हात ठेवलेलं लोणी हाय नुस्तं," सान्तान बारदेस्कर स्वतःशीच पुटपुटला. पण पूर्णिमा त्याच्या कोपराशीच उभी होती, तिला सगळं ऐकू आलं.

आजऱ्यातल्या त्याच्या सॉसेजच्या दुकानाच्या ओट्यावर तिच्या शेडातल्या तीन जनावरांचे तीन तुकडे होते. दोन तुकड्यांवर त्यानं अंगठा दाबला, तर खूणही उठली नाही. चरबी पांढरीशुभ्र, टणक. तिसऱ्यात मात्र अंगठा रुतला आणि तेलानं चमकत वर आला.

"असल्या चरबीचं सॉसेज बांधूनच येत न्हाय, वैनी. चार दिसांत वास मारतंय. तुम्ही तर कट बंद केला म्हणाला हुता."

"केलाय की. तीन म्हैनं झालं."

ते खरंच होतं. आधी तिच्या शेडात कोल्हापूरच्या मिसळीच्या हॉटेलांतला उरलेला कट यायचा, वर बोटभर लाल तवंग असलेला. डुकरं मिटक्या मारत खायची, अंगानं सुटायची आणि चरबी मात्र लोळागोळा व्हायची. दहावीवर शाळा सुटलेल्या पूर्णिमानं मोबाइलवर बघून आणि जनावरांच्या डॉक्टरचं डोकं खाऊन त्याचं कारण शोधून काढलं होतं. म्हैस रवंथ करते, तिच्या पोटात तेलाचं रूप पालटतं. डुकराचं तसं नाही. जसं तेल पोटात, तसंच पाठीवर. मग तिनं कट तोडला, तेलकट कोंडाही तोडला, आणि ज्वारीचा भरडा नि शाहूवाडीच्या तांदळाची कणी सुरू केली. आतापर्यंत चरबी घट्ट व्हायलाच हवी होती. दोघांची झालीही होती.

"नाताळाचा सगळा माल तुमच्याकडनंच उचलायचा म्हणतोय," सान्तान म्हणाला. "पर एकाच शेडातली तीन, आन् तिसऱ्याचीच तऱ्हा न्यारी? कारण कळल्याबिगर मी न्हाय बाबा हात घालायचा. ऐतवारी येतो घराकडं."

"या की. कारण तयार ठेवतो," पूर्णिमा म्हणाली.

मुरगूडला परतताना बसमध्येच तिच्या ध्यानात आलं, की ते तिसरं शेडाच्या मागच्या खणातलं होतं. म्हशीच्या गोठ्याला लागून असलेल्या. आणि म्हशीवरून आठवलं, डेअरीत महिनाभर दुधाचं फॅट उतरत होतं. "मशीनच बोगस हाय," म्हणून नवऱ्यानं, कृष्णातनं, डेअरीवाल्याशी भांडणही काढलं होतं.

घरी आल्यावर ती आधी मागच्या खणाकडं गेली. गव्हाणीच्या कोपऱ्यात काहीतरी चिकटलं होतं. नखानं खरवडून तिनं हुंगलं. घाण्यावरची शेंगदाण्याची पेंड, तेलानं थबथबलेली. म्हशीची.

म्हशीचं खाणं सासूबाईंच्याच हातात होतं. कुणी घातली असेल हे तिला त्याच क्षणी कळलं, आणि कधीच बोलायचं नाही हेही तिनं त्याच क्षणी ठरवलं. दोन वर्षांपूर्वी शेड बांधलं तेव्हा सासूबाईंनी, झुंबरबाईंनी, चार दिवस अन्न सोडलं होतं. भावकीत तोंड कसं दाखवायचं म्हणून. तेव्हापासून घरात त्या प्राण्याचं नावच निघायचं नाही. पूर्णिमा नि कृष्णात 'जनावरं' म्हणायचे, झुंबरबाई तर 'तिकडली' म्हणून मान फिरवायच्या. आणि तीच म्हातारी चोरून म्हशीच्या तोंडची पेंड तिकडं नेत होती! ते बोलून दाखवलं असतं, तर तिनं पुन्हा त्या बाजूला पाऊल टाकलं नसतं.

ऐतवारी सान्तान आला. झुंबरबाई उंबऱ्याशी लसूण सोलत बसल्या होत्या. सगळ्यांच्या हातात चहा आला आणि सान्ताननं मऊ चरबीचं कारण विचारलं.

"हवा, पावणं, हवा," कृष्णात बशीतल्या चहाकडं बघत म्हणाला. "औंदा उकाडा कसला हाय!"

"एकाच खणात शिरला व्हय उकाडा?"

"मग कणी खराब लागली आसंल."

"कणी सगळ्यांस्नी एकच हाय की."

कृष्णातनं आईकडं चोरून पाहिलं आणि चहा फुंकू लागला. म्हणजे ह्यालाही ठाऊक होतं! पूर्णिमानं पदर खोचला.

"पावणं, नाताळापत्तोर तो खण टणक करून दावतो. न्हाय झाला, तर पुन्हा तुमच्या दुकानाची पायरी चढणार न्हाय."

"तुमच्यावर भरवसा हाय, वैनी. पर कारण?"

पूर्णिमाची नजर उंबऱ्याकडं गेली आणि तिनं ती लगेच वळवली. कृष्णातनं बशी तोंडाला लावली. सान्तान कप खाली ठेवून उठला, चपला पायात घालू लागला.

झुंबरबाईंनी लसणाचं सूप धाडकन आपटलं. पाकळ्या अंगणभर झाल्या.

"बसा खाली, पावणं! ह्यो गप, ती गप, सगळी माझ्या तोंडाकडं बघत्यात. डुकरांस्नी पेंड मीच घालत हुतो. डुकरांस्नी! रोज सांजचं. कोरडा भरडा खाऊन माझ्याकडं बघत बसायची मेली, बघवंना मला. आन् पेंड घातल्यावर म्हशीचं फॅट वाढतंय, तर डुकराचं बिघडतंय, हे मला कुणी सांगितलं हुतं का?"