पाचवा चमचा

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो, त्या राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून लोक चर्चमधून बाहेर पडले की रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालायचे. उजव्या बाजूला खाटकाचं दुकान होतं ना! वर्षभर 'जरा मांडीचं द्या, हाड कमी घाला' म्हणून ज्यांनी त्याच्या नाकी नऊ आणले, तीच माणसं आता चाळीस दिवस त्याच्यासमोरून मान खाली घालून जाणार. जसं काही सैतानानंच पांढरा एप्रन बांधून दुकान थाटलंय.

आणि डाव्या बाजूला काय होतं? मासळीचं दुकान. शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात, हा नियम शेंबड्या पोरालाही पाठ. मग काय विचारता! मांस सोडलेली मंडळी शुक्रवारी तिथं रांग लावायची आणि कोळंबी, खेकडे, हाताएवढे मासे पिशव्या भरभरून न्यायची. दुपारी ते सगळं चापून खायचं आणि संध्याकाळी चर्चमध्ये ढेकर दाबत गुडघे टेकायचे. याला म्हणायचं प्रायश्चित्त. खाटीक आपल्या ओंडक्यामागे उभा राहून हे बघायचा आणि सत्तूर उगाचच पुसत बसायचा.

मासळीवाला कुणी परका असता तर खाटकानं हसण्यावारी नेलं असतं. पण तो त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता. अख्खी गल्ली एकाला थोरला म्हणायची आणि दुसऱ्याला धाकटा. दोघांच्या दुकानांमध्ये रस्ता होता वीस पावलांचा, आणि सहा वर्षांत दोघांपैकी कुणी तो एकमेकांसाठी ओलांडला नव्हता.

झालं होतं असं. त्यांचा बाप आजारी पडला तेव्हा असाच उपवासकाळ चालू होता. धाकटा लहानपणापासूनच देवभोळा. त्यानं बापासाठी चाळीस दिवस कोरडा पाव आणि पाणी धरलं. गालफडं बसली, पँट दोरीनं बांधायची वेळ आली, पण पठ्ठ्या हटला नाही. थोरल्याचा देवावर तसा राग नव्हता, पण ओढही नव्हती. तो बापाच्या उशाशी बसायचा. गुड फ्रायडेच्या दुपारी बापानं डोळे उघडले आणि म्हणाला, "सूप दे रे. मटणाचं." वर्षातला सगळ्यात कडक उपासाचा दिवस, आणि म्हाताऱ्याला हवंय मटणाचं सूप! थोरल्यानं मागचापुढचा विचार न करता खाली दुकानात जाऊन हाडं तोडली, सूप केलं आणि पाजलं. दिवेलागणीला बाप गेला.

शनिवारी दफन. माती टाकताना धाकटा सगळ्या माणसांदेखत भावाला म्हणाला, "माझे चाळीस दिवस तू एका वाटीत बुडवलेस. बाबांना मटणाच्या तोंडानं देवापुढे पाठवलंस." थोरला तसाच मागे फिरला. घरी आला, स्वयंपाकघरात गेला आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून अबोला.

आई थोरल्याकडे राहायची, दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत. दर रविवारी चर्चनंतर धाकटा तिला भेटायला यायचा. त्याचं वेळापत्रक ठरलेलं. थोरला मागच्या जिन्यानं खाली उतरायचा, मग धाकटा पुढच्या दारानं वर चढायचा. थोरल्याची बायको म्हणायची, "अहो, तुमच्या घरात कोंबडी शिरली तरी तुम्ही तिला हाकलता. आणि सख्खा भाऊ आला की तुम्हीच पळता?" थोरला जिना उतरताना काही ऐकू न आल्यासारखं करायचा.

तर या वर्षी काय झालं, राखेच्या बुधवारच्या आधीच आईच्या छातीत कफ धरला. पंधरा दिवस ताप. ताप उतरला तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची म्हातारी अंथरुणात शोधावी लागत होती. डॉक्टरांनी थोरल्याला जिन्यात गाठून सांगितलं, "अंडी, मटणाचं सूप, जे पोटात जाईल ते घाला. अंगात काही उरलेलंच नाही. असंच चाललं आणि पुन्हा छाती भरली, तर मला बोलावू नका, सरळ फादरना बोलवा."

आणि म्हातारीनं काय करावं? उपास धरला! नुसता शुक्रवारचा नाही, चाळीसही दिवसांचा. मांस नाही, अंडं नाही, मासासुद्धा नाही. काळा चहा आणि त्यात बुडवलेला पाव.

थोरल्यानं आधी विनवण्या केल्या, मग आरडाओरडा केला, मग युक्ती. हाडं रात्रभर भिजवून, उकळून, तीनदा कापडातून गाळून घेतली, वर गाजराच्या चकत्या सोडल्या आणि वाटी आईपुढे धरली. "भाज्यांचं आहे. अगदी साधं."

आईनं वाटी नाकाशी नेली. खाटकाची सून, खाटकाची बायको आणि खाटकाची आई. पन्नास वर्षं तिनं दुसरं केलं काय होतं? "बकऱ्याचा पुढचा पाय," ती म्हणाली. "आणि हाड भाजून घेतलं नाहीस. तुझा बाप असता तर वाटी भिंतीवर फेकली असती."

दुसऱ्या आठवड्यात थोरल्यानं फादरना गाठलं. सहा वर्षांत तो चर्चच्या दारात पहिल्यांदाच आलेला पाहून फादरना वाटलं हा पापांची कबुली द्यायला आलाय, आणि बिचारे लगबगीनं कबुलीच्या खोलीकडे निघाले. त्यांना अडवून, सगळं सांगून, थोरला त्यांना घरी घेऊन आला. थोरल्याच्या बायकोनं चहा आणि बिस्किटं ठेवली.

"माई," फादर म्हणाले, "साठीच्या उंबरठ्यावरच उपासातून सूट मिळते. आजाऱ्याला तर मांसाचीही सूट. तुम्हाला दोन्ही लागू होतात. उपास म्हणजे देवाला हाडं मोजून दाखवणं नाही. आपल्या ताटातलं थोडं बाजूला सारायचं, म्हणजे तिथं दुसरं कुणीतरी जेवायला बसू शकतं. जागा करायची असते, माई."

"तुम्ही काय सोडलंय या वर्षी?" आईनं विचारलं.

"साखर," फादर म्हणाले. त्यांच्या हातात तिसरं बिस्किट होतं. त्यांनी ते बशीत परत ठेवलं.

"नियम मला ठाऊक आहेत, फादर. मग आजाऱ्याला सूट, तर माझ्या नवऱ्यालाही होती ना? ते तेव्हा कबरीपाशी कुणी का नाही सांगितलं?"

"तेव्हा मी इथं नव्हतो, माई."

"हो, आधीचे फादर होते. त्यांना ऐकू कमी यायचं. तुम्हाला चांगलं ऐकू येतं, म्हणून विचारलं."

फादरनी आशीर्वाद दिला आणि काढता पाय घेतला. जिन्यात थोरल्याला म्हणाले, "तुझ्या आईपुढे माझं शिक्षण कमी पडतं, बाबा."

तिसऱ्या शुक्रवारी सकाळी आई बिछान्यावरून उठायला गेली आणि तिथंच खाली बसली. थोरल्यानं तिला उचललं. दुकानात रोज अर्धा बकरा खांद्यावर टाकणारा माणूस, पण आईला उचलताना त्याला जोरच लावावा लागला नाही. वजनच नव्हतं. तो तिच्या पायाशी बसला आणि रडायला लागला. चांगला हुंदके देऊन रडला, एप्रनला नाक पुसत.

"आई, मी काय करू ते सांग. तुला मरायचंय का?"

"कुणाला हौस आहे मरायची?" आई म्हणाली. "पण मरण आलंच, तर मी कोरड्या तोंडानं जाणार. तू मला सूप पाजणार, मी चार दिवसांनी जाणार, आणि धाकटा पुन्हा कबरीपाशी तुझा पाणउतारा करणार. बापाच्या मातीवर एकदा झालं तेवढं पुरे. माझ्या मातीवर तमाशा नको."

थोरल्यानं नाकाला लावलेला एप्रन खाली केला. म्हणजे हा उपास देवासाठी नव्हताच!

"सहा वर्षं तुम्ही दोघं एकमेकांना सोडून बसलायत," आई म्हणाली. "मी चाळीस दिवस मटण सोडलं तर एवढी बोंब?"

"मग खाणार कसं, ते तरी बोल."

"धाकट्यानं स्वतःच्या हातानं पाजलं तर. मग तो कुणाच्या नावानं खडे फोडणार? आणि त्याला मी नाही बोलावणार. तू जायचं."

"आई, आज शुक्रवार आहे."

"मग? दुकान उघडंच असेल त्याचं."

थोरला खाली आला. हात धुतले, एप्रन काढला, पुन्हा बांधला, पुन्हा काढला, पुन्हा बांधला. समोर रांग लागलेली. वीस पावलं. त्यानं ती टाकली आणि मुकाट्यानं रांगेत शेवटी उभा राहिला. रांगेतली चर्चा बंद पडली. फळवाल्या काकूंच्या तोंडून "अगंबाई!" निघून गेलं. मासळीवाला खवले काढत होता. त्यानं मान वर केली, भावाला पाहिलं, आणि पुढचे चार मासे न बघताच कापले. एकाचं डोकं गिऱ्हाइकाच्या पिशवीत गेलं आणि मासा बर्फातच राहिला.

थोरल्याचा नंबर लागला.

"काय पाहिजे?" धाकट्यानं विचारलं. सहा वर्षांतलं पहिलं वाक्य.

"तू पाहिजेस. वर चल. आईला सूप पाजायचंय. मटणाचं."

"आज?" धाकट्याचा आवाज चढला. "माझ्या हातानं? पुन्हा तेच? तुला लाज कशी..."

"तिला आज मी उचललं," थोरला म्हणाला. "वजनच नाही रे तिला. रविवारी तू येतोस तेव्हा ती गालाला पावडर लावते, पाठीमागे उशा लावून ताठ बसते आणि तू तिच्या उपासाचं कौतुक करून जातोस. ती मरतेय, गाढवा. आणि तुझ्या हातानंच खाणार म्हणून अडून बसलीय."

धाकट्याच्या हातातली सुरी बर्फावर पडली. तो गल्ल्यामागून बाहेर आला तो रबरी बुटांसकट, तसाच.

"अहो, आणि माझी कोळंबी?" मागून काकू ओरडल्या.

"घ्या तुमच्या हातानं!" धाकटा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो गिऱ्हाइकावर खेकसला असेल.

वर त्यानं साबणानं तीनदा हात धुतले तरी मासळीचा वास गेला नाही. सुनेनं तोवर करून ठेवलेल्या सुपाची वाटी हातात दिली. या वेळी हाड नीट भाजलेलं होतं. धाकट्यानं कपाळावर, छातीवर क्रूसाची खूण केली, चमचा भरला आणि आईच्या तोंडाशी नेला. घाईत अर्धं सूप तिच्या हनुवटीवरून ओघळलं.

"मीठ कमी आहे," आई म्हणाली आणि तोंड पुन्हा उघडलं.

दुसरा चमचा. तिसरा. चौथा. थोरला दाराला पाठ टेकून उभा होता. बाहेर जावं की आत थांबावं, त्याला कळेना. पाचवा चमचा भरून धाकटा थांबला. भावाकडे न बघता त्यानं विचारलं, "बाबांनी किती घेतलं होतं?"

"चार चमचे."

"चारच?"

"पाचवा तोंडाजवळ नेला तर मान फिरवली." थोरला म्हणाला. "म्हणाले, बस्स. बाकीचं धाकट्याला ठेव. पोरगं चाळीस दिवस कोरड्या पावावर आहे. परवा उपास सुटला की त्याला गरम करून दे."

आईनंही हे आज पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्या दुपारी ती पाणी भरायला खाली गेली होती.

"ठेवलं होतंस?" धाकट्यानं विचारलं.

"ठेवलं होतं. फ्रीजमध्ये, झाकण घालून. शनिवारी कबरीपाशी तू बोललास ना, त्यानंतर घरी आलो आणि मोरीत ओतून टाकलं."

धाकट्याच्या वाटी धरलेल्या हातावर डोळ्यांतलं पाणी टपटप पडायला लागलं आणि त्याला ते पुसताही येईना, कारण दुसऱ्या हातात चमचा होता. थोरला पुढे झाला. खिशात रुमाल नव्हता, म्हणून एप्रनच्याच टोकानं त्यानं भावाचं तोंड पुसलं, लहानपणी पुसायचा तसं, खसाखसा.

"सांगितलं का नाहीस रे, दादा?"

"तू विचारलंस का?"

"दोघांनी मिळून सूप थंड केलंत," आई म्हणाली. "चमचा काय हवेतच धरून बसणार आहेस? दे इकडे."

तिनं पाचवा घेतला, सहावा घेतला, वाटी संपवली आणि पाठ टेकून झोपून गेली. पातेल्यात अजून दोन वाट्या सूप होतं. धाकट्याचा उपास, तेव्हा त्याला आज विचारण्यात अर्थ नव्हता. थोरल्यानं पातेल्यावर झाकण घातलं आणि ते फ्रीजमध्ये ठेवलं.

"रविवारी ये," तो म्हणाला. "रविवार उपासात धरत नाहीत."

"नियम मला शिकवू नकोस," धाकटा म्हणाला आणि नाक ओढत, रबरी बूट वाजवत आपल्या रांगेकडे गेला.

रविवारी चर्च सुटलं. पुढच्या जिन्यावर पावलं वाजली. सुनेनं सवयीनं मागचं दार उघडून धरलं. थोरल्यानं ते लावून घेतलं आणि सूप गरम करायला ठेवलं.