ट्रेवरचा नंबर

गल्लीत तिला सगळे नंबरताई म्हणायचे, आणि ते काही कौतुकानं नव्हे. त्या रस्त्यावर फोन दुरुस्तीची सात दुकानं ओळीनं होती. सहा दुकानांत गिऱ्हाईक आलं की विचारायचे, काय बिघडलंय? सातव्यात आधी फोनचा पंधरा आकडी ओळख-नंबर द्यावा लागायचा. तो नंबर ती हरवलेल्या आणि चोरीच्या फोनच्या सरकारी यादीत घालून बघायची, आणि यादीत निघाला तर फोन तसाच परत सरकवायची. काउंटरमागे तिनं स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती : 'चोरीच्या फोनला आम्ही हात लावत नाही.' शेजारचे म्हणायचे, बाई नाकानं कांदे सोलते. ते अगदीच खोटं नव्हतं.

यावरून धाकट्या भावाशी तिचं रोज वाजायचं. आतल्या टेबलावरचं बारीक काम तो करायचा, काउंटर आणि यादी तिच्याकडे.

"डॉक्टर पेशंटकडे चारित्र्याचा दाखला मागतो का?" तो आतून विचारायचा. "चोरणारा वेगळाच असतो. आपल्याकडे येतो तो बहुतेक फसलेला, बिचारा."

"आपण सुरू करून देतो म्हणून तर तो बिचारा विकत घेतो. कोणी हातच लावला नाही, तर चोरून काय त्याचं लोणचं घालतील?"

"सहा दुकानं लावतात हात."

"मग तू सातव्यात कशाला बसलायस?"

इथपर्यंत आलं की तो कानात इअरफोन घालायचा.

त्या दिवशी भाऊ जेवायला गेला होता आणि मावशी आल्या. मावशी म्हणजे मागच्या चौकातल्या घरी अंथरुणाला खिळलेल्या काकांना सांभाळणाऱ्या बाई. राहायला तिथंच. काकांची औषधं, कपाटं, पुढचं दार, सगळ्याच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. वर्षापूर्वी एकदा या दुकानात येऊन गेल्या होत्या, पण नंबरताईला चेहरे लक्षात राहत नसत.

"कालपासून सुरूच होत नाही," मावशींनी फोन काउंटरवर ठेवला. "जरा बघता का?"

फोन भारी होता. असा फोन या बाईकडे कसा, हे नंबरताईच्या मनात तेव्हाच येऊन गेलं. यादी वगैरे नंतर.

"बघते मावशी. आधी नंबर बघू द्या."

बंद फोनचा नंबर पडद्यावर दिसत नाही. अशा वेळी बाकीचे खोकं नाहीतर बिल मागतात. नंबरताईची रीत वेगळी होती आणि तिला तिचा फार अभिमान होता. या बनावटीच्या फोनमध्ये सिमकार्डाच्या छोट्या ट्रेवर नंबर कोरलेला असतो. पिन टोचली, ट्रे ओढला, भिंगाखाली धरला की झालं. खोकं बदलता येतं, बिल खोटं करता येतं, ट्रे खोटं बोलत नाही, असं ती सगळ्यांना ऐकवायची.

तिनं नंबर टाकला. संगणकावर लाल पट्टी आली. चोरीची तक्रार, दीड वर्षापूर्वीची.

"हा कुठून आणलात, बाई?"

मावशीची बाई झाली, हे समोरच्या बाईंच्या लगेच लक्षात आलं.

"आणला नाही. काकांच्या सूनबाईंनी दिला. त्यांनी नवीन घेतला, तेव्हा हा मला दिला."

"यादीत चोरीचा दाखवतोय."

"मग यादी चुकली असेल."

"यादी चुकत नाही. आणि हा फोन आता तुम्हाला परत मिळणार नाही. पोलिसांकडे जाईल."

खरं तर असे फोन ती परत द्यायची. ठेवून घ्यायचा तिला काही अधिकारही नव्हता. पण मावशींनी डोळे खाली घातले नव्हते, आणि ते नंबरताईला झोंबलं.

मावशी काउंटरला अगदी टेकल्या. आवाज चढवला नाही. "हे बघा, मी लोकांच्या घरात राहते. त्यांचे दागिने असतात त्याच कपाटातून त्यांची औषधं काढते. माझ्या नावापुढे चोरी हा शब्द एकदा लागला ना, तर एकही घर मला उंबऱ्याच्या आत घेणार नाही. जे बोलाल ते जपून बोला."

"मग लावू का सूनबाईंना फोन?"

"लावा. हा घ्या नंबर. त्यांनाच विचारा."

मावशींनी तो नंबर तोंडपाठ सांगितला, न अडखळता. खोटं बोलणारी बाई असा नंबर देत नाही, एवढं कोणालाही कळलं असतं. नंबरताईनं फोन लावला आणि विचारलं काहीच नाही. सरळ सांगितलं, की तुमच्याकडच्या बाईंजवळ चोरीचा फोन सापडलाय, त्याचा नंबर सरकारी यादीत आहे.

पलीकडून सूनबाई म्हणाल्या, "फोन मी दिला होता, पण तो माझा होता. दुकानातून नवा घेतलेला. हा चोरीचा असेल तर माझा नव्हे." मग जरा थांबून, "मग माझ्या फोनचं काय केलं तिनं?" आणखी थांबून, "तिला म्हणावं, घरी ये आणि किल्ल्या दे."

मावशींनी सांगितलेलं सगळं खरं होतं, आणि त्या खऱ्यानंच त्यांचा घात झाला. नंबरताईनं निरोप शब्दशः दिला. मग त्यांच्यासमोरच पोलीस ठाण्यात फोन केला. चारपर्यंत माणूस पाठवतो, असं तिकडून उत्तर आलं.

"तुमचं भलं होणार नाही," मावशी म्हणाल्या आणि गेल्या. अशी बोलणी नंबरताईनं पुष्कळ ऐकली होती. तिनं ट्रे परत फोनमध्ये सरकवला आणि फोन पाकिटात घातला.

भाऊ आला तेव्हा ती छाती काढून सांगायला लागली. त्यानं पाकिटातून फोन काढून उलटा केला.

"हा त्या मावशींचा. कोपऱ्यावर पोचा आहे बघ. हा कसा चोरीचा असेल? गेल्या वर्षी याचा ट्रे तुटला होता, तूच तर बदलून दि..."

वाक्य तसंच सोडून त्यानं फोन तिच्यापुढे ठेवला.

नंबरताईनं रजिस्टर ओढलं. गेल्या वर्षीचं पान सापडायला वेळ लागला नाही. मावशींचं नाव, खाली 'ट्रे तुटलेला, जुना घातला', आणि अक्षर तिचंच. जुने ट्रे, स्क्रू, कॅमेऱ्याच्या काचा असलं सगळं एका पत्र्याच्या डब्यात असायचं. तो डबा भाऊ भरायचा. भंगारात आलेले मेलेले फोन तो उघडायचा आणि कामाचं तेवढं काढून ठेवायचा.

"सुरू कर हा," ती म्हणाली.

"ताई, जाऊ दे ना."

"सुरू कर."

त्यानं फोन उघडून बॅटरीच्या जागी वायरी जोडल्या. पडदा उजळला. त्यानं नंबर काढला. ट्रेवरचा वेगळा, हा वेगळा. तिनं तो यादीत टाकला. हिरवी पट्टी.

"तो ट्रे ज्या फोनचा, तो फोन कुठून आला होता?"

"खोकं भरून आले होते. मी काय एकेकाची जन्मपत्रिका बघत बसू?"

"माझ्या दुकानात चोरीचे फोन फोडलेस तू."

"तुझ्या दुकानात?" भावाच्या तोंडचं पाणी पळालं होतं, तरी जीभ शाबूत होती. "दुरुस्त करायचा नाही म्हणालीस, नाही केला. भाग काढू नको असं कधी म्हणालीस? त्या डब्यातले भाग तू सात वर्षं वापरतेयस. डब्याचा नंबर विचारलास एकदा तरी?"

गिऱ्हाइकाचा प्रत्येक फोन तिनं भिंगाखाली धरला होता, आणि हाताशी असलेल्या डब्याकडे सोयीनं कानाडोळा केला होता. तिची तिलाच किळस आली.

साडेतीन झाले होते. भाऊ हळू आवाजात म्हणाला, "ट्रे दे इकडे. गटारात टाकतो. पोलिसाला सांगू, आकडा वाचताना चूक झाली. मावशींनाही तेच सांग. विषय संपला."

तिनं फोनमधला ट्रे ओढून मुठीत धरला आणि सूनबाईंना फोन लावला.

"मॅडम, मघाशी चूक झाली. फोन तुमचाच आहे, तुम्हीच दिलेला. त्यांनी काही केलेलं नाही."

"अहो, पण तुम्हीच म्हणालात ना यादीत नंबर आहे?" सूनबाई चिडल्या. "काहीतरी गोलमाल असेलच. चोरीचा नंबर आला कुठून मग?"

भाऊ तिच्याकडे बघत होता. लहानपणी मार पडायच्या आधी बघायचा तसाच.

"आमच्याकडून," ती म्हणाली. "चोरीचा भाग आमच्या दुकानातला होता. मीच त्यांच्या फोनमध्ये घातला. पोलिसांनाही हेच सांगणार आहे."

भावानं स्क्रूड्रायव्हर टेबलावर आपटला आणि बाहेर गेला. फोनवर सूनबाई म्हणाल्या, "किल्ल्या घेऊन तासभर झाला. दुसरी बाई संध्याकाळपासून येतेय. आता तिला काय सांगू?"

चारला दहा कमी असताना मावशी दारात आल्या. हातात कपड्यांची पिशवी होती. पोलिसांना तोंड द्यायला त्या आपणहून आल्या होत्या.

नंबरताई उभी राहिली. काहीही न लपवता तिनं सगळं सांगितलं, डब्यासकट, भावासकट. "माझं चुकलं, मावशी," ती म्हणाली. "मी त्या घरी येते. त्यांच्या पाया पडते."

"बाईच म्हणा," मावशी म्हणाल्या. "काका मला आईच्या नावानं हाक मारायचे. निघताना त्यांच्या खोलीतही जाऊ दिलं नाही मला. तुम्ही कोणाच्या पाया पडून काय होणार?"

नंबरताईनं फोन पुढे केला. नवी बॅटरी घातली होती, पडदा पुसला होता, सिमकार्डासाठी तोच ट्रे परत बसवला होता. मावशींनी तो घेतला नाही. त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं, सावकाश, वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढा.

"पिन घ्या," त्या म्हणाल्या. "तुमचा ट्रे काढून घ्या. चोरीच्या मालाला मीही हात लावत नाही."

नंबरताईनं पिन टोचली, ट्रे काढला आणि फोन नि सिमकार्ड मावशींपुढे ठेवलं. मावशींनी सिमकार्ड रुमालाच्या टोकाला बांधलं, फोन पिशवीत टाकला आणि दारातून आत येणाऱ्या पोलिसाला वाट करून दिली. ट्रे काउंटरवर पडला होता. पोलिसानं विचारलं, "चोरीचा माल कुठाय?"

नंबरताईनं तो ट्रे त्याच्यापुढे सरकवला आणि पत्र्याचा डबा काढायला खाली वाकली.