कुरकुर चालू असताना

कपांच्या कारखान्यात तिला सगळे कानवाल्या बाई म्हणत. कप तळाशी धरायचा, लाकडी काडीनं कडेवर हलकेच वाजवायचा. खणखणीत वाजला तर उजवीकडे नवऱ्यापुढे, बद्द वाजला तर डावीकडे टोपलीत. डोळ्यांना न दिसणारा तडा तिच्या कानाला बरोबर सापडायचा. शेजारच्या टेबलावर नवरा चांगले कप कागदात गुंडाळून खोक्यात भरायचा. बावीस वर्षं दोघं हातभर अंतरावर बसत होती आणि बावीस वर्षं तिची एकच तक्रार होती: या माणसाचं कशातच लक्ष नसतं. त्याला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. घरचे पडदे बदलून तीन महिने झाले होते, त्याला अजून पत्ता नव्हता. तोंडाचा पट्टा तेवढा सुरू असायचा.

त्या सोमवारी तिला सर्दी झाली आणि दोन्ही कानांना दडे बसले. नवऱ्याची कुरकुर नीट ऐकू आली नाही त्याचं तिला काही वाटलं नाही, ती तिला पाठच होती. पण कप सगळे सारखेच वाजायला लागले, गादीवर काडी आपटावी तसे. शुक्रवारी एका हॉटेलचे आठशे कप जायचे होते. मॅनेजरच्या टेबलावर तपासणीच्या यंत्राचं माहितीपत्रक दोन महिने पडून होतं, आणि तडकलेला माल एकदा जरी बाहेर गेला तरी तिच्या खुर्चीच्या जागी ते यंत्र येणार हे शिपायालासुद्धा माहीत होतं. तिनं कुणालाच काही सांगितलं नाही. सवयीनं काडी वाजवून अंदाजपंचे कप पुढे ढकलत राहिली आणि मनातून घाबरत राहिली.

दुपारी तिचं सहज नवऱ्याकडे लक्ष गेलं. तो तिच्या भावाविषयी नेहमीचं बोलत होता, आणि बोलता बोलता एक कप न गुंडाळताच त्यानं बाजूला सारला.

"हा का काढलात?"

"कुठला?" त्यानं कपाकडे असं पाहिलं, जणू तो कपच आपल्या पायांनी तिथे गेला होता.

तिनं कपाला शाईचं पाणी लावलं. केसाएवढी निळी रेघ उमटली. थोड्या वेळानं त्यानं आणखी एक कप सारला. त्यालाही रेघ. सगळेच कप शाईनं तपासायचे तर ते धुऊन वाळवण्यातच शुक्रवार उलटला असता. म्हणून तिनं नवऱ्याला खरं काय ते सांगितलं आणि काडी त्याच्या हातात दिली.

गृहस्थ एकदम ताठ बसले. डोळे मिटले, मान तिरकी केली, काडी अशी धरली की आता मैफलच सुरू होणार. दहातले सहा कप चुकले.

"एवढं मन लावून ऐकलं तरी!" तो रडकुंडीला आला.

तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिनं काडी काढून घेतली आणि एक थाप ठोकून दिली. "रविवारी माझा भाऊ येतोय. महिनाभर राहीन म्हणतो."

झालं. तोंड सुटलं आणि हातही सुटले. ती कप वाजवून पुढे सरकवायची, तो कुरकुरत गुंडाळायचा, आणि त्याचा हात ज्याला बाजूला सारेल तो ती मुकाट्यानं टोपलीत टाकायची. अधूनमधून एखाद्या कपाला शाई लावून बघायची. एकही चुकला नाही. भाऊ बुधवारपर्यंत पुरला, मग तिनं शेजाऱ्याच्या स्कूटरचा विषय काढला, आणि शुक्रवारी सकाळी तर, कधी काळी एका लग्नात त्याला बसायला खुर्ची मिळाली नव्हती, तेही उकरलं.

आठशे कप वेळेवर गेले. मॅनेजर मात्र गुरुवारपासून लांबून बघत होता. त्यानं तिला बोलावून गोडीत सांगितलं की काका एकटेच दोन्ही कामं सांभाळतील, यंत्राची गरज नाही, पुढच्या महिन्यापासून बाईंनी घरी आराम करावा. ती यंत्राला भ्यायली होती आणि खुर्ची नेली घरच्याच माणसानं. तिनं मान डोलावली.

संध्याकाळी घरी तिनं चहा केला. एव्हाना कान बरेच मोकळे झाले होते. नवऱ्याचा कप त्याच्यापुढे ठेवला, मग आपला ठेवला.

"काय बिनसलं?" वर्तमानपत्रामागून आवाज आला.

"कुठे काय?"

"कप ठेवलास तो..." त्यानं वर्तमानपत्र खाली घेतलं. पुढचं वाक्य त्यालाच सापडेना. "रोजच्यासारखा नाही वाजला."

तिला रडू आलं, आणि बावीस वर्षांची तक्रार अशी फुकट गेल्याचा थोडा रागही आला. मग तिनं मॅनेजरचं बोलणं सांगितलं.

"मलाही विचारलं त्यानं. मी नाही म्हटलं," तो म्हणाला. "तू शेजारी नसलीस तर मी कुरकुर कुणापाशी करू? सगळं लक्ष कपांकडे जाईल आणि कारखाना बुडेल. त्याला पटलं ते. तुझी खुर्ची आहे तिथेच आहे."

तिनं पदरानं डोळे पुसले, नाकही पुसलं, आणि विचारलं, "बरं, आपले पडदे कुठल्या रंगाचे आहेत? मागे वळायचं नाही."

त्यानं कपाळाला आठ्या घातल्या.

"आपल्याकडे पडदे आहेत?"