तीन मिस्ड कॉल

अश्लेषाला शाळेत मोबाइलच्या इतिहासावर प्रोजेक्ट होतं आणि त्यासाठी घरातल्या एका माहितगाराची मुलाखत घ्यायची होती. सिंगापूरमधल्या यिशुनच्या त्या फ्लॅटमध्ये माहितगार म्हणजे बाबा, हे ठरवायलासुद्धा लागलं नाही. प्रताप चांगी बिझनेस पार्कात आयटीत होता. त्याने तेवीस स्लाइड करून दिल्या. जयवंतीने चहा करून दिला.

टीचरने स्लाइड परत पाठवल्या. सगळं नेटवरचंच आहे, म्हणे.

"आता तू सांग," म्हणत अश्लेषा आईसमोर वही घेऊन बसली. चेहरा असा, की जणू दात उपटायला आणलंय.

लेकीने आजवर तिला डब्यात काय आहे आणि मोजे कुठे आहेत, एवढंच विचारलं होतं. जयवंती ही संधी सोडणार नव्हती.

"आमच्या लग्नाच्या सुमाराला फोन उचलायचाच नसायचा."

"मग फोन कशाला, लाह?" शाळेतलं ते सिंगापुरी शेपूट तिच्या वाक्यांना लागायचंच.

"मिस्ड कॉल द्यायला! एक म्हणजे पोचलो. दोन म्हणजे कुकर लाव. तीन म्हणजे असशील तसा निघून ये. उचललास की बॅलन्स गेला."

"यू ब्लफ मी, लाह!"

लेकीने थापाडी ठरवलं, हे फारच झालं. जयवंतीने तिथल्या तिथे प्रतापला तीनदा रिंग दिली, तीनदा कापली. लगेच त्याचा फोन आला.

"आई, उचल ना!"

"छे! नियम म्हणजे नियम."

तिने कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. सहा वेळा. मग फोन गप्प झाला.

"बघ. समजलं त्याला," जयवंती म्हणाली आणि कांदा चिरायला घेतला.

अर्ध्या तासाने दार धडधडलं. प्रताप घामाने निथळत उभा. गळ्यात ऑफिसचा पास, काखेत भलत्याच कुणाचा लॅपटॉप.

"काय झालं? कोण पडलं?"

"कुणी नाही रे. हिला दाखवत होते."

"अगं, माझा बॉस बोलत होता! मी त्याच्या वाक्याच्या मध्येच उठलो!"

"अजून लक्षात आहे तुझ्या," जयवंती हळूच म्हणाली.

प्रताप सोफ्यावर कोसळला. पाणी पिऊन झाल्यावर त्याने घसा खाकरला. "तर त्यामागची टेक्नॉलॉजी अशी, की—"

"बाबा, तू थांब." अश्लेषाने वहीतलं त्याचं नाव खोडून आईचं लिहिलं आणि खुर्ची तिच्याकडे ओढली. "आई, चार मिस्ड कॉल म्हणजे काय?"

जयवंतीने प्रतापकडे पाहिलं. प्रतापने पंख्याकडे.

"ते प्रोजेक्टला लागणार नाही," जयवंती म्हणाली. "पुढचा प्रश्न विचार."