चिकाच्या वाफेवर सीतेची वेणी

खंडेराव १९९९ साली रेल्वेतून रिटायर झाले आणि इगतपुरीचं क्वार्टर सोडून इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आले. सामानाबरोबर क्वार्टरच्या दारातल्या आंब्याची एक मोडकी फांदीही आली. तिच्यावर 'सीतेची वेणी' होती, म्हणजे आपल्या घाटातलं ऑर्किड. बाल्कनीत पानं करपली म्हणून खंडेरावांनी ते हॉलमध्ये टांगलं. पण इगतपुरीची ओली हवा काही टेम्पोत घालून आणता येत नाही. दोन उन्हाळे कळ्या आल्या आणि सुकून गळाल्या.

तिसऱ्या उन्हाळ्यात गृहस्थ इरेला पेटले. भिंतीवर ओलावा मोजायचं मीटर आलं. हॉलभर पाण्याच्या पराती, खिडक्यांना ओली गोणपाटं. काटा तिसावरून जेमतेम चाळिसावर सरकला. पापड मात्र मऊ पडले, भर एप्रिलात मिठाला पाणी सुटलं, आणि परातीत पाय पडून त्यांच्या बायको नवसाबाई दोनदा आपटता आपटता वाचल्या.

"हे घर हाय का म्हशींचं डबकं?" त्या नवऱ्यावर कडाडल्या. "आखाजीपर्यंत फुललं तर ठीक. नाय तर मैना घेऊन जाईल घोटीला."

मैना ही त्यांची धाकटी बहीण. तिला निरोपही गेला. ड्यूटीवरून आल्यावर खंडेरावांनी तीस वर्षं ज्या फुलांखाली बसून चहा प्यायला, ती आता परक्याच्या दारात बघायची?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दहा दिवस उरले असताना नवसाबाईंनी कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजवायला घेतला. पातेलं रटरटलं, घरभर वाफ झाली, आणि काटा थेट सत्तरावर! खंडेरावांनी धावत जाऊन फांदी स्वयंपाकघराच्या दारात टांगली. संध्याकाळी कळ्या टवटवीत दिसल्या.

पण चीक एकाच दिवसाचा. मग हे महाशय बिल्डिंगभर दारोदार फिरले. "यंदा सगळ्यांचा चीक आमच्याकडे शिजेल. हिला फार हौस आहे." हिला विचारलं नव्हतं, हे सांगायला नकोच.

दुसऱ्या दिवसापासून रोज एकेका घराचं पातेलं दारात येऊ लागलं. नवसाबाईंनी शांतपणे नवऱ्याच्या हातात लाकडी दांडा दिला.

"हौस तुमची, तर हात पण तुमचेच."

आठ दिवस खंडेराव चीक ढवळत होते. नवसाबाई खुर्चीत बसून ओरडत, "गुठळी झाली! जोर लावा!" खांदे भरून आले, मिशीला चीक चिकटला, पण गड्यानं दांडा सोडला नाही. आणि शेजारणी "काकूंच्या हाताला काय जादू आहे!" म्हणत तृप्त.

आखाजीच्या सकाळी फांदीवरून जांभळट गुलाबी घोस लोंबत होता. क्वार्टर सोडताना डोळे कोरडे ठेवलेल्या नवसाबाई चहाचा कप घेऊन तिथंच उभ्या राहिल्या आणि रडल्या.

तेवढ्यात पिशवी आणि सुतळी घेऊन मैना दारात हजर. "ताई, कुठंय गं ते झाड?"

चीक ढवळून भरलेल्या खांद्यांमुळे खंडेरावांना अडवायला हातसुद्धा उचलेना. नवसाबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"झाड राहू दे इथंच. न्यायचंच असंल तर ह्यांना ने. चीक लय झ्याक शिजवतात."