लाल छत्रीखालचं हाड

मित्रांनो, मी एक जुनी लाल छत्री आहे; तेल पिऊन कडक झालेली आणि चार ठिकाणी ठिगळं लावलेली. पावसात मला कधी कोणी नेलं नाही. चीनमधल्या फुच्येनच्या डोंगरात एका कारागिराने मला बांबूच्या काड्या आणि लाल रेशीम लावून घडवलं, ते न्यायालयासाठी. माझ्याखाली नवरी चालली नाही, की मूल खेळलं नाही. माझ्याखाली हाडं ठेवत. लोक मला अपशकुनी म्हणत. म्हणोत बापडे! खऱ्याचा ज्यांना धाक, त्यांना मी अपशकुनीच वाटणार.

माझं काम तसं साधं. जिवंतपणी मार बसला, तर रक्ताचा डाग हाडात मुरतो. हाडं धुऊन, व्हिनेगर आणि दारूच्या वाफेवर शेकून उन्हात ठेवायची आणि वर मला उघडायचं. माझ्या लाल उजेडात तो डाग दिसतो. पण ऊन लख्ख हवं.

एकदा शेनमावशी न्यायाधीश याओसाहेबांपुढे उभ्या राहिल्या. लू हा त्यांचा मुलगा; तो थांगमालकाच्या कागद-कारखान्यात बांबू कुटायचा. वर्षापूर्वी तो मेला. मालक म्हणाला, दारू पिऊन बेशुद्ध झाला आणि दरीत गडगडला. मावशी म्हणाल्या, मालकाने मारला. थडगं उकरायचं ठरलं तेव्हा भाऊबंदांनी त्यांच्या तोंडावर दारं लावली. पोराची हाडं वाफवणारी ही कसली आई, असं म्हणाले. शिवाय कायदा कडक होता. आरोप खोटा ठरला, तर खुन्याची शिक्षा आरोप करणाऱ्याला.

हाडं मांडली आणि नेमकं आभाळ भरून आलं. मी उघडले, पण काहीच दिसेना. मला स्वतःचीच चीड आली.

थांगमालक हसला. "मावशी, आता स्वतःच्या मानेची काळजी करा. साहेब, डाग नाही असं लिहा आणि मिटवा."

शेनमावशी हाडांशेजारी मांडी घालून बसल्या. "साहेब, ऊन पडल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. मी इथून हलणार नाही. आणि मालक, तुम्हाला एवढी घाई कसली?"

याओसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. मालकाने मोठ्या ओळखी सांगितल्या, दमही भरला. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. दोन दिवसांनी आभाळ निवळलं. मी पुन्हा उघडले, आणि एकेक काडी ताणून धरली.

उजव्या हाताच्या दोन्ही हाडांवर, मनगटाच्या वर, आडवा तांबडा पट्टा उमटला. कवटीवर कानामागे दुसरा होता.

"पडताना लागलं असेल," मालक म्हणाला. आता तो हसत नव्हता.

"बेशुद्ध होता म्हणालात ना?" साहेबांनी विचारलं. "मग हा घाव हातावर आडवा कसा झेलला?"

शेनमावशींनी आपला उजवा हात कपाळासमोर आडवा धरला. "असा, साहेब. शुद्धीत होता माझा लू. डोकं वाचवत होता."

मालकाबरोबर आलेला कारखान्याचा मुकादम तिथेच गुडघ्यांवर बसला. मालकाने बांबूने मारलं आणि मग आम्ही दरीत ढकललं, असं त्याने कबूल केलं. मालकाला बेड्या पडल्या.

मग मावशींनी साहेबांकडे मला मागितलं. लूची हाडं त्यांनी टोपलीत भरली, मला वर उघडं धरलं आणि भर बाजारातून चालू लागल्या. लोक तोंड फिरवून बाजूला होऊ लागले. भाऊबंदही त्यांत होते.

"बाजूला होऊ नका," मावशी म्हणाल्या. "बघा याच्याकडे. वर्षभर कोणी बघितलं नाही."

आज माझं रेशीम विरलं आहे, काड्यांना कीड लागली आहे. मला जपा, अशी विनवणी मी करणार नाही. मोडले तर चुलीत घाला. पण मित्रांनो, कोणाची आई 'बघा' म्हणाली, तर मान फिरवू नका.